चारचौघांत जेवण

हॅलो?… हो ताई, मीच. बोल… काय? रोज बाहेर जेवायला लावते मी? हे तुला कोणी सांगितलं?… आमच्या ह्यांनीच! म्हणजे जिभेचे चोचले पुरवतेय मी, असंच ना?… अगं हो, खरंय ते. चार महिने गॅस नाही पेटवला…

आळस नाही गं… अगं ऐक ना! मला बोलू देशील का जरा?

घरी पानावर बसलं की ह्यांचं सुरू होतं. भात गिचका झाला, पाणी कोमट का, अशी काय बघतेस… काहीही पुरतं. आधी ताट भिंतीवर, मग मी… मी गं, मी भिंतीवर! माझं मनगट मोडलं होतं ते आठवतंय?… हो, जिन्यात पडले म्हणाले होते. खोटं बोलले तुझ्याशी.

हॉटेलात तो हात उचलत नाही. वेटरला 'दादा' म्हणतो, मला खुर्ची ओढून देतो. लोकांना वाटतं, काय देवमाणूस आहे! वर भरपेट जेवला की घरी येऊन आडवा होतो… म्हणून रोज बाहेर. कळलं आता?… हो, 'तो'च म्हणाले. अहो-जाहो आज संपलं.

काय झालं म्हणजे? चूक केली मी. सूप खारट होतं, ते वेटरला हाक मारून परत पाठवलं… एवढंच गं! पण मागवलं होतं त्याने. लोकांसमोर त्याची चूक काढली ना मी. तो हसला, वेटरला सॉरी म्हणाला. आणि टेबलाखालून माझ्या मांडीत काटा खुपसला… काटा! चमच्याबरोबर देतात तो! चार भोकं, ओळीने. वरून हसत विचारतोय, 'अजून काही मागवू का?'… नाही ओरडले. दुसरी मांडी होतीच ना त्याच्या हाताशी.

हात धुवायच्या निमित्ताने उठले. हॉटेलच्या मालकीणकाकूंनी रक्ताने भिजलेला ड्रेस बघितला, मला मागच्या कोठीत आणून बसवलं. कांद्याच्या पोत्यावर बसलेय बघ. पट्टी बांधली त्यांनी. त्याला सांगितलं, बाई मागच्या दाराने गेल्या…

तुझ्याकडे? तुझ्याकडे कशी येऊ, तो शोधत पहिल्यांदा… काय? आलाय? आत्ता?… जेवायला बसवलंस त्याला!

ताई, भाऊजी कुठे आहेत?… म्हणजे एकटीच आहेस. हळू बोल. चपला घाल आणि सरळ बाहेर पड… काही सांगत बसू नकोस! वाढायचं काय राहिलंय? जावई गेला खड्ड्यात!… दार कोणी लावलं? तू नाही लावलंस?… ताई, खिडकीतून हाका मार शेजारच्यांना. मार हाका! लाज कसली वाटते तुला!…

हॅलो?… ताईला द्या फोन… तुमचं जेवण झालं ना? मग ताईला द्या… नाही सांगणार कुठे आहे ते… ती का ओरडतेय? हात सोड तिचा! सोड म्हणते ना!… येते, मी येते, तिला हात लावू नकोस… हॅलो? ताई? हॅलो?…

काकू! फोन कापला त्याने. ताईला मारतोय तो. दोन गल्ल्या सोडून घर आहे… पोलिसांना लावा फोन, पण ते येईपर्यंत नाही थांबता येणार… नाही, आपण दोघी जाऊन काय होणार? बाहेर लोक जेवायला बसलेत ना, त्यांना उठवा. सगळ्यांना उठवा. तशाच उष्ट्या हातांनी चला म्हणावं.