पांदीतली बाई आणि दोन पंच

ऐका, आणि मधे उठू नका कुणी. ज्याला बाहेर जाऊन यायचंय त्यानं आत्ताच जाऊन यावं.

आमच्या शेजारची वनिता घोलप. भिंतीला भिंत आहे म्हणून ऐकू येतं, मी काही कान लावून बसत नाही. पोरगी डॉक्टर झाली आणि घरात म्हणाली, मला पुढं पोस्टमार्टेमचंच शिकायचंय. तिची आई, आमची इंदूवहिनी, भाकरी थापता थापता थांबली.

"जित्या माणसांचा काय दुष्काळ पडलाय का गं? मढी फाडणारीशी सोयरीक कोण करील?"

"जित्यांना तोंड असतं, आई. मेलेल्यांचं कुणीतरी विचारायला नको?"

नंबर लागला. दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातल्या कॉलेजात हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. भावानं काय केलं, मोटरसायकलची चावीच लपवली. फाट्यावरून शेवटची एसटी दिवेलागणीनंतर. डांबरी रस्त्यानं चालत गेली तर चुकणार. मग पोरीनं पिशवी उचलली आणि निघाली गुरवाच्या पांदीनं. दोन्हीकडं निवडुंग, मधे बैलगाडीपुरती वाट, आणि अंधार म्हणजे काय अंधार.

चालली. चालली. मागून पावलं. ही थांबली की तीही थांबायची. म्हणाली, कुत्रं असेल. मग वास आला. तुम्हाआम्हाला उलटी झाली असती, हिच्या तो ओळखीचा. हिनं नाकाला ओढणीसुद्धा लावली नाही. आणि पुढं बघते तर वाटेतच एक बाई बसलेली. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर.

"डॉक्टरीणबाई, जरा माझा हात बघा."

अंधारात पांदीत कुणी बघ म्हटलं तर बघायचं नसतं, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण पडली डॉक्टर. धरला हात. गार. नाडी नाही. बोटं लाकडासारखी ताठ.

"कधी मेलात?" वनितानं विचारलं. असं विचारतं का कुणी?

"ते तूच सांग. कधी मेले, कशानं मेले. सासरचे म्हणाले विहिरीवर पाय घसरला, आणि रातोरात उरकलं. फाड मला आणि बघ."

आणि धरलं की मनगट. सुटेना. बाईनं पदर मागं सारला, मान फिरवली, ती फिरतच गेली, पार पाठीकडं. वाट मिटली. पुढं निवडुंग, मागं निवडुंग. आणि लांबून एसटीचा हॉर्न.

वनितानं, ती स्वतः मला म्हणाली, आवाज काढला दवाखान्यातला.

"बाई, असं बघता येत नाही. आधी पंचनामा लागतो. गावातले दोन पंच आणा, त्यांच्यादेखत बघते."

"दोनच?"

"दोन."

बाई विचारात पडली. मग मनगट सुटलं, वाटही मोकळी झाली. "थांब इथंच. आणते." आणि गावाकडं चालू लागली, बाजाराला निघाल्यासारखी.

वनिता पळाली. एक चप्पल तिथंच राहिली. एसटी हलली होती, कंडक्टरनं दंडाला धरून वर ओढली. सकाळी हजर झाली, जागा मिळाली, शिकली. आता मोठ्या इस्पितळात असते. इंदूवहिनी सांगते, सरकारी डॉक्टर आहे. कसली, ते सांगत नाही.

पण बाई गावात आली होती ना. त्याच रात्री महिपत जगदाळ्याच्या दारावर थाप पडली. महिपतला पंच व्हायची भारी हौस. पोलिसांची जीप आली की टोपी घालून हा पुढं. त्याच्या बायकोनं आतून ऐकलं, "पंच म्हणून येता का?" महिपत म्हणाला, "आलोच."

सकाळी पांदीत सापडला. बसलेला, गार. टोपी नीट, अंगावर ओरखडा नाही.

म्हणून सांगते, त्या पांदीनं जायचं नाही. डांबरी रस्ता धरा, उशीर झाला तर होऊ दे. आणि रात्री दारावर येऊन कुणी पंच व्हायला बोलावलं, तर पांघरूण घेऊन गप पडून राहा. एक मिळालाय तिला. दुसऱ्याला शोधतेय.