पाटावरचे रिव्हॉल्वर

शस्त्रपूजेचा विषय तुम्हीच काढलात, म्हणून सांगतो. माझे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर अधिकारी होते. त्यांनी तेव्हा बाळगले होते, त्याच जातीचे जुने रिव्हॉल्वर त्यांच्या सन्मानार्थ मी इथे परदेशात, हॅमिल्टनमध्ये मिळवले. त्यासाठी लागणाऱ्या संग्राहकाच्या परवान्याच्या चौकशीला घरी आलेल्या पोलिसाने माझ्या पत्नीला बाजूला घेऊन विचारले, "यांचा स्वभाव तापट आहे का?"

ती म्हणाली, "तापायला आधी घरात असावं लागतं."

परवाना मिळाला.

त्या वर्षी दसऱ्याला बाबा पुण्याहून आमच्याकडे आले होते. वय ऐंशीच्या पुढे. मी रिव्हॉल्वर पाटावर मांडले, गंध लावले, फूल वाहिले आणि त्यांना बोलावले.

"बाबा, ओळखलंत?"

त्यांनी ते उचलून उघडले, आत गोळी नाही याची खात्री केली आणि पुन्हा पाटावर ठेवले.

"न ओळखायला काय झालं? युद्धभर कमरेला होतं."

"मग? कसं वाटलं?"

"अरे, युद्ध संपून हे सरकारजमा झालं, तेव्हा तुझ्या आजीनं आळीभर पेढे वाटले होते. आणि तू तेच हौसेनं घरात आणून त्याला फुलं वाहतोस?"