सोळा पानांची शिलाई

परवा अकोल्यात काय झालं, सांगतो. माह्या वैशालीताईच्या बोंडअळीच्या सात हंगामांच्या नोंदी एकाच डिस्कवर होत्या, अन् तिच्या कॉलेजचं जुनं मशीन बंद पडलं. माह्या लॅपटॉपवर ते डिस्क उघडेच ना. आम्ही दोघं ते घेऊन कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात गेलो, त दुकानवाले अनिसभाई म्हणे, "डिस्क गेली. फॉरमॅट मारून देतो."

"हात नका लावू," म्हटलं, अन् स्क्रीनवरचा मेसेज शेवटपर्यंत वाचला. डिस्क ठणठणीत होती. जुन्या मशीननं तिच्यावर माहिती ठेवाले चौसष्ट-चौसष्ट केबीचे ब्लॉक, म्हंजे कप्पे, पाडले होते. माह्या लॅपटॉपचा कारभार पाहणारा कर्नल मात्र मेमरीचं पान चारच केबीचं धरते. एका पानात ब्लॉक मावत नाही म्हणून तो अडून बसला होता.

ताई म्हणे, "उघडल्याशिवाय मी हलत नाही. पोत्यात कापूस मावत नाही त आपण पोते उसवून एकमेकांले शिवतो. तुह्या कर्नलले शिवता येत नाही काय?"

नव्या कर्नलले येते! तिथंच बसून तो टाकला. त्यानं सोळा पानं जोडून एक केलं, अन् सातही हंगाम उघडले.

अनिसभाई आमच्यापेक्षा खुश. "देखा, डिस्क चांगली निघाली! आता बिनधास्त फॉरमॅट मारतो."