मनकर्णाबाईंचं महिन्याचं पीठ

(कोपरगावजवळचं एक गाव, १९७२. शाळेच्या व्हरांड्यात मनकर्णाबाई, त्यांचे यजमान भिमाजी आणि जावयानं मॉरिशसहून धाडलेले कागद वाचून दाखवणारे राधाकृष्ण मास्तर.)

मास्तर : ...शिवाय देवीची लस टोचल्याचा दाखला. तो नसेल तर विमानतळावरच अडकवतात.

मनकर्णा : टोचली की. दंड सुजलाय ह्यो बगा. म्होरं वाचा.

मास्तर : परतीचं तिकीट. ते दाखवल्याशिवाय आत घेत नाहीत.

मनकर्णा : म्हंजी पाव्हण्यानं उंबऱ्यावरच सांगायचं, मी कदी जानार ते?

भिमाजी : चांगली पद्धत हाय. तुझ्या भावाला लावू.

मनकर्णा : तुमी गप बसा.

मास्तर : आता कस्टम. माती नेता येणार नाही. उसाचं बेणं, बियाणं, धान्य, डाळी, घरी दळलेलं पीठ, काही नाही. सापडलं तर तिथंच जाळतात.

मनकर्णा : पीठ?

मास्तर : पीठ.

मनकर्णा : बाजरीचंबी?

मास्तर : बाजरीला वेगळी सूट दिसत नाही.

मनकर्णा : आवं, महिन्याचं पीठ दळून ठिवलंय मी. रतनचे दिवस भरायला महिना हाय. लेकीला मूल हुईस्तवर तिच्या घरचं खाऊ न्हाई, ह्ये ठावं न्हाई का त्यास्नी? महिनाभर काय वारा खाऊ?

मास्तर : त्यांना ठाऊक नसावं.

मनकर्णा : मग तुमी इंग्रजीत लिवा की.

मास्तर : काय लिहू? 'बाईंना स्वतःची भाकरी आणू द्यावी, मुलगी अद्याप बाळंत झालेली नाही'?

भिमाजी : खाली माझा अंगठा घ्या.

मास्तर : अजून एक कागद आहे. जावईबापूंचं हमीपत्र. 'सासूबाईंच्या राहण्याची आणि दोन्ही वेळच्या जेवणाची जबाबदारी माझी.' याच्यावरच तुम्हाला आत घेणार.

मनकर्णा : जेवनाचं लिवलंय?

मास्तर : दोन साक्षीदार आहेत. वर शिक्का.

मनकर्णा : आगं आई. म्हंजी मी लेकीच्या घरी जेवनार, ह्ये सरकारात लागलं.

भिमाजी : दोन सरकारांत.

मनकर्णा : मंग मला जायाचंच न्हाई. बाळ झाल्यावर बगू.

मास्तर : तोवर तिच्याजवळ कोण?

भिमाजी : कुनी न्हाई. विहीणबाई वारल्या. जावई दिवसभर कारखान्यात. अन् डाक्तरनं पोरीला विमानात बसू नको म्हनलंय, न्हाईतर हितंच आनली असती.

मास्तर : बाई?

मनकर्णा : रतनच्या वक्ताला मला माहेरी धाडलं न्हाई. आयच आल्ती. फडक्यात चार दिसाच्या भाकरी बांधून. ओसरीवर बसून कोरड्याच खायची. पानीसुदीक येशीवरच्या हिरीचं प्यायची.

भिमाजी : मी लई म्हनलो, घरात जेवा. ऐकलं न्हाई त्यांनी.

मनकर्णा : रीत हुती. पाचव्या दिशी भाकर सरली, आय माघारी गेली. रतन सहाव्या दिशी झाली.

भिमाजी : मास्तर, पत्राचं काय ते...

मास्तर : हो. काय कळवू जावईबापूंना?

मनकर्णा : लिवा. सकाळी दोन भाकरी लागत्यात म्हनावं. सांजच्याला दीड.