कुमुदबाईंनी प्रयोगशाळेत बसवलेल्या आमच्या पोरी

मंडळी, कुमुदबाईंना निरोप द्यायला इतके जण आलात, बरं केलंत. दुसरीत शाळा सुटलेल्या बाईच्या हातात कॉलेजचा माइक दिलाय, आता ऐका. बोलणं जड जातंय. पण रडायला मी आलेली नाही.

आमची मिल बंद पडली, माझा मुलगा घरी बसला. नात सुजाता बी.एस्सी. झाली होती. मी म्हटलं, बस झालं शिक्षण, तिकडे पलासिया भागात एखाद्या दवाखान्यात कामाला लाग. तेवढ्यात या कॉलेजात शिकवणाऱ्या कुमुदबाईंनी तिला आपल्या प्रयोगशाळेत घेतलं. आजार कसे होतात, ते शोधायचं काम शिकवायला.

आणि पहिल्याच आठवड्यात पोरीनं काय केलं? कपाटात काचेच्या बशा दिसल्या, बुरशी चढलेल्या. आमच्याकडे खरकटं भांडं राहिलं तर मी घर डोक्यावर घेते. तिनं सगळ्या बशा घासून चकाचक केल्या! एका मुलाचा अख्खा प्रयोग मोरीत गेला. तो म्हणाला, "मॅडम, बस्तीतल्या पोरी आणल्यात, त्या भांडीच घासणार." सुजाता घरी आली ती पिशवी कोपऱ्यात फेकूनच. म्हणाली, आता जाणार नाही.

दुसऱ्या दिवशी बाई दारात. भर उन्हात, गल्ली तुडवत.

मी म्हटलं, "बाई, बुरशी लागलेलं भांडं माझ्या घरात कुणी ठेवत नाही."

"आजी, माझ्या घरात ती मुद्दाम वाढवतात. तिला आधी सांगितलं नाही, चूक माझी. पाठवा तिला."

"और वो हीरो?"

"तो माफी मागेल, नाहीतर दुसरी प्रयोगशाळा शोधेल. माफी मागेपर्यंत व्हरांड्यात उभा आहे."

चहात साखर किती, हे मी तेव्हा विचारलं. त्याआधी नाही.

मग रोज संध्याकाळी बाई आमच्या पोरींना घेऊन बसायच्या. इंग्रजी वाचायला लावायच्या. मोठ्या साहेबांसमोर मान वर करून बोलायला लावायच्या. हात धरून नाही हो, कान धरून! सुजाता पीएच.डी. झाली. नातेवाईक म्हणतात, डॉक्टर आहेस ना, मग माझी शुगर बघ. तिच्या मागून आयेशा शिकली, रमा शिकली. कुणाचा बाप मिलमधून निघालेला, कुणाचा हातगाडीवर. पोरी मात्र मागे फिरल्या नाहीत.

आत येताना मागे कुणीतरी कुजबुजलं, "अब इन लड़कियों का क्या होगा?" कोण ते भिया, कोण भाऊ? समोर बघा. प्रयोगशाळेची चावी आज सुजाताकडे आहे. कालच तिनं नवी पोरगी घेतली, महूची. बाई गेल्या, दार उघडंच आहे. मग हरलं कोण, बाई की मरण, सांगा?

आता सगळे उभे राहा, थोडा वेळ गप्प राहू. ज्या पोरींचं काम प्रयोगशाळेतल्या मशीनमध्ये चालू आहे त्यांनी मात्र निघा. बाई असत्या तर त्यांनीच हाकललं असतं.

कुमुदबाई, जय भीम.