चारचा लाल रकाना

गिंडीकडे निघालेल्या बसमध्ये, तमिळ गलक्यात पुढच्या सीटवर मराठी ऐकू आलं आणि उमाकांतरावांचे कान हत्तीएवढे झाले. पुढे बसलेल्या तनयाच्या मांडीवर लॅपटॉप होता. शेजारी बसलेला यश तिच्याच कारखान्यात दुपारच्या पाळीचा सुपरवायझर.

"यश, तुझी पाळी बंद नाही होणार आता."

"साहेब तर म्हणतात, सगळा नापास माल माझ्याच पाळीत निघतो!"

"त्यांनी डेटाबेसमधून आलेल्या नुसत्या ओळी पाहिल्या, मारुतीच्या शेपटीएवढ्या. मी त्यांचा पिव्होट टेबल केला. खाली एकेक मशीन, वर दिवसाचे तास, आणि जिथे नापास जास्त तिथे लाल रंग. बघ."

"अय्यो! चारचा अख्खा रकाना लाल? सगळ्याच मशीनांचा? आणि पुढचे पांढरे?"

"माणसं तीच, मशीनं तीच. चारला काय करता रे तुम्ही?"

"काही नाही गं. ट्रक येतो, तासभर पश्चिमेचं शटर उघडतो."

"समोर काय आहे?"

"तपासणीचा कॅमेरा... तनया! ऊन थेट त्याच्या डोळ्यात जातं!"

"म्हणजे माल चांगला होता. कॅमेराच दिपत होता."

"पाया पडू का तुझ्या?"

"आधी पडदा लाव तिथे."

ऐकण्याच्या नादात उमाकांतराव आपल्या थांब्याच्या दोन थांबे पुढे जाऊन उतरले आणि उन्हातून चालत घरी आले. दारातूनच त्यांनी बायकोला हाक मारली.

"कुमुद, आज एका पोरीनं गिंडीच्या कारखान्यात शिरणाऱ्या साक्षात सूर्याला पकडलं! मांडीवरच्या लॅपटॉपवर!"

"ऊन लागलंय तुम्हाला. ताक घ्या."

"बघ, तूसुद्धा सूर्यालाच धरलंस!"