उजव्या दिव्याची काच

मुलगा – काका, हळू बोला. बाबांची नजर गेली असली तरी कान शाबूत आहेत.

काका – मी हळूच बोलतोय. तूच मघापासून घाम पुसत उभा आहेस. काच सापडली म्हणून तुझ्या बापाचा फोन आला, फोनवर चक्क रडला गाढव, आणि तू इथे गॅरेजमध्ये सुतकी चेहऱ्याने उभा. झालंय काय?

मुलगा – ती काच डुप्लिकेट आहे.

काका – कुठली? मागच्या दिव्याची?

मुलगा – हो, उजव्या. जुन्या गाड्यांचे पार्ट हुबेहूब नव्याने करून विकणारे असतात, त्यांच्याकडून मागवली. बाबांना म्हटलं, भंगारवाल्याकडे मिळाली, आपल्या गाडीच्याच वर्षाची.

काका – शाबास. अरे, त्या माणसाने ही गाडी एकेक स्क्रू मूळचा शोधून उभी केली. ही एक काच मिळेना, तर दिव्यावर नाटकातला लाल जिलेटिनचा कागद चिकटवून फिरला. पोलिसांची बोलणी खाल्ली, पण डुप्लिकेटला हात लावला नाही. आणि त्याला तू शेंडी लावलीस?

मुलगा – तुम्ही त्यांना मधल्या काळात पाहिलं नाहीत. नजर गेली तसे भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. जेवण नको, दाढी नको. काय हवंय म्हणून विचारलं, तर म्हणाले, आता मला काही शोधता येणार नाही. बघवेना हो मला. काच हातात दिली तर आपले आपण उठून बसले. न्हाव्याला बोलवायला लावलं. आता वाढून घेतात. मला वाटलं, नुसती हातात धरून खूश होतील. तर म्हणाले, पान्याने उजेडात धरून हो म्हटल्याशिवाय लावायची नाही.

काका – म्हणून माझं बोलावणं.

मुलगा – नुसतं हो म्हणा. बाकी काही नको.

काका – तुझ्या बापाचा पाना नेला, तो परत केला नाही, म्हणून जन्मभर मला पान्या म्हणतो. पाना लाटला, कबूल. पण पार्टच्या बाबतीत मी त्याला कधी थाप मारली नाही, त्याने मला मारली नाही. मैत्री टिकली ती त्यावर. नाहीतर दोघंही तसे भांडकुदळच. ती पिशवी आण. सांभाळून.

मुलगा – काय आहे?

काका – उघडून बघ.

मुलगा – काका, ही...

काका – उजवी. मूळची. एक म्हातारे गृहस्थ गेले, त्यांच्या मुलीने माळा रिकामा केला, त्यात निघाली. वाढदिवसाला आणून ह्याला थक्क करू म्हणून गप्प बसलो होतो. तेवढ्यात ह्याचाच फोन, काच सापडली म्हणून. माझं तोंड एवढंसं झालं. म्हटलं, असू दे, दोन झाल्या तर दोन.

मुलगा – मग सुटलो की आपण. तुम्ही बघायला म्हणून त्यांच्याकडची घ्या आणि परत देताना ही द्या.

काका – हाताला कळायची नाही त्याच्या?

मुलगा – कळेल. मी तिच्या कडेला टवका पाडलाय.

काका – तू?

मुलगा – जुनी वाटावी म्हणून. कानशीने. त्यांचं बोट सारखं त्या टवक्यावर फिरत असतं. म्हणतात, बिचारीने काय काय सोसलं असेल. तेव्हा मला तिथून उठून जावंसं वाटतं. काका, हिलाही तसाच पाडला तर? कानस ही काय, इथेच आहे.

काका – ठेव ती खाली. अस्सल काचेला कानस लावायची, का तर तुझी खोटी काच खरी ठरावी. शुद्धीवर आहेस ना?

मुलगा – मग काय करू मी?

काका – सांगून टाक. मी आहे बरोबर. ओरडेल, आदळआपट करेल, मग ही हातात देऊ.

मुलगा – ओरडले तर बरंच. पण पुन्हा भिंतीकडे वळले तर? पाया पडतो तुमच्या, आजच्या दिवस सांभाळून घ्या.

(वॉकर टेकत बाबा दारात येतात. काका पिशवी गाडीच्या टपावर ठेवतात.)

बाबा – पान्या, आलास होय? आणि आल्या आल्या थेट गॅरेजात. घरात माणसं राहतात म्हटलं.

काका – तुझ्यापेक्षा तुझी गाडी दिसायला बरी. दाढी केलीस वाटतं?

बाबा – केली. काच आली आणि गालावर ते खुंट घेऊन बसायचं म्हणजे बरं दिसेना. छोट्या, स्टूल दे. ही घे रे. खिशातच घेऊन फिरतो. उशाशी ठेवून झोपतो म्हणून सूनबाई हसते. दाराशी जा, उजेडात धर. घाई करू नकोस.

काका – बघतोय.

बाबा – रंगाला जांभळट झाक आहे?

काका – आहे.

बाबा – कडेला बुडबुडे? अगदी बारीक असतात. नवीन काचेत नसतात ते.

काका – आहेत.

बाबा – मग? अस्सल?

काका – अस्सल आहे.

बाबा – संपलं. तू म्हणालास, आता मला कोणाला विचारायचं नाही. छोट्या, कुठे गेलास? इकडे ये.

मुलगा – इथेच आहे, बाबा.

बाबा – तुला मी काय काय बोललोय. ह्याला मूळ कुठलं न् बनावट कुठलं, काही कळत नाही. माझ्यामागे ही गाडी कोणाच्या तरी गळ्यात मारून मोकळा होईल. चारचौघांत बोललो, ह्या पान्यासमोर तर कितीदा. शाळेत असताना तू खाऊचे पैसे साठवून आरसा आणला होतास ह्या गाडीला. डुप्लिकेट म्हणून मी तो अंगणात भिरकावला. आठवतं?

मुलगा – जाऊ द्या ना.

बाबा – कसं जाऊ देऊ? पडल्या पडल्या तेच डोक्यात येतं. आज पान्यासमोरच सांगतो, माझं चुकलं. मला एवढ्या वर्षांत जमलं नाही ते तू केलंस.

मुलगा – बाबा, नका ना.

बाबा – बोलू दे मला. बाप असून माफी मागतोय...

मुलगा – ती डुप्लिकेट आहे. मी मागवली. टवका पण मीच पाडला.

बाबा – काय?

मुलगा – तुम्ही जेवत नव्हतात. दुसरं काही सुचलं नाही मला. पण तुम्ही माझी माफी मागू नका, बाबा. ते नाही सहन होत.

बाबा – पान्या.

काका – हं.

बाबा – तू उजेडात धरली होतीस ना?

काका – धरली होती.

बाबा – मग बुडबुडे?

काका – एकही नाही.

बाबा – ह्याचं सोड. बापाने दोन घास खावे म्हणून थाप मारली, पोरं मारतात. ह्याच्यावर मी ओरडेन आणि विसरेन. पण तुला मी बोलावलं होतं रे. मला दिसत नाही, म्हणून तुला बोलावलं होतं.

मुलगा – काकांचा काही दोष नाही, बाबा. मी गळ घातली. ते नाहीच म्हणत होते. आणि खरी काच आहे. त्यांनी आणलीय तुमच्यासाठी, टपावर पिशवीत आहे. काका, द्या ना ती.

काका – हात पुढे कर. दोन्ही. धरलीस?

बाबा – हिला टवका नाही.

काका – कुठेच नाही. जांभळट आहे, कडेला बुडबुडे आहेत, हवे तेवढे. ही अस्सल आहे.

बाबा – पुन्हा म्हण.

काका – ही अस्सल आहे.

मुलगा – बाबा, आता खरंच खरं आहे. लावू?

बाबा – थांब जरा. मी कान देऊन ऐकतोय. पान्या, मघाशीही तुझा आवाज असाच होता.